लाल ठिपक्याची शेपटी

वायमाटे, ४ एप्रिल

ती. मॉरीनताईस, क्लाइव्हचा शि. सा. न. वि. वि.

रायफलीचा अक्रोडी दस्ता, बोल्टची मूठ, चामडी पट्टा, नेम तपासायचं बाक, आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी, पाऊण मिलिमीटर जाडीची, जुन्या कानशीच्या पोलादातून घासलेली. एवढं मी स्वतःच्या हातांनी केलंय, कुणाकडे न शिकता. आधीच सांगितलं, कारण पुढचं वाचून तू हसणार.

माशी हल्ली धूसर दिसते. म्हणून लाल ठिपक्याचं साइट, म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची काच, घ्यायचं ठरवलं. काचेत ठिपका जिथे, गोळी तिथे. मे महिन्यात कुरणाच्या मालकांसाठी मजुरीवर वॉलबी, ते गवत फस्त करणारे छोटे कांगारू, मारायचा हंगाम सुरू होईल. घळीच्या एका अंगाने मी, दुसऱ्या अंगाने माझा जोडीदार हेमी, मध्ये त्याची कुत्री. झुडपातून वॉलबी उडाली की दोन्ही डोळे उघडे ठेवून झटक्यात नेम धरावा लागतो. त्याला हेच बरं.

आजवर तीन मागवली. पहिल्याचा ठिपका स्वल्पविरामासारखा, दुसऱ्याचा द्राक्षांच्या घडासारखा. दोन्ही परत केली, मापांसकट आकृती काढून. दुकानदार म्हणाला, आमच्याकडे ठिपका गोल दिसतो. मी म्हटलं, मग तुमच्याकडे बघणारा माणूस ठेवा. तिसरं बाकावर पडलंय, त्यालाही शेपटी आहे. हेमी म्हणतो, तू स्वर्गात गेलास तरी दाराच्या बिजागऱ्या परत करशील.

पार्सलं बांधून थकलो, ताई. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
क्लाइव्ह

टिमारू, ९ एप्रिल

चि. क्लाइव्हला, अनेक आशीर्वाद.

हसले, पण थोडंच. चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं काढली मी. काच खोटी आहे असं सांगणारे तुझ्यासारखे पुरुष रोज दोन तरी यायचे.

तिसरं साइट परत करू नकोस. रायफल शिकंज्यात पक्की आवळ. ठिपक्याकडे बघत मान खांद्यावर झुकव. शेपटी जागच्या जागी राहिली तर दोष काचेचा. मानेबरोबर फिरली तर डोळ्याचा. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे तू सोयीने विसरला असशील.

आणि समोरच्या अंगाने हेमी चालतो ना? त्याला सांगितलंस का?

जेवत जा वेळेवर. पत्राची वाट बघते.

तुझी,
मॉरीन

वायमाटे, २३ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

शेपटी फिरली. मान डावीकडे, शेपटी डावीकडे. सात वेळा करून पाहिलं, दोनदा शिकंजा बदलून. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदाच बघून सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन सप्टेंबरात.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. मार्चमध्ये हंगामाआधीच्या सरावाला गेलो, तेव्हा घळीत माझी गोळी हेमीच्या कुत्रीच्या कानाला चाटून गेली. मी माशीला दोष दिला आणि नवी घासली. हेमी खालच्या झुडपांत होता, त्याला दिसलं नाही असं धरून चाललो. काल त्याला सांगितलं. बराच वेळ तो कुत्रीचं डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, तिच्या कानावरचे केस जळालेले मला त्याच दिवशी दिसले होते, म्हाताऱ्या. तू कधी बोलतोस ते बघत होतो. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तिसरं साइट त्याच्या रायफलीवर बसवलं, पन्नास मीटरवर नेम जुळवून दिला. त्याला ठिपका गोल दिसतो. दुकानदाराला माफीचं पत्र टाकलं. फार दमलोय. पूर्वी होता तसाच जीव लावत राहा.

तुझा,
क्लाइव्ह

ता. क. आज सकाळी कुरणाचे मालक आले होते. हेमीने त्यांना काही सांगितलेलं नाही. मे ते ऑगस्ट, घळीची माझीच बाजू, आणि यंदा मजुरी वाढवून अठरा हजार चारशे डॉलर देऊ म्हणाले. मी नाही म्हटलं.