मुकादमाचं काय करायचं

ता. ९, मंगळवार, दुपार

ती. वहिनी,

नमस्कार. तुमच्या आईबाबांनाही सांगा. जेवण जातंय ना? मी बरा आहे. पत्र अशासाठी की फोन दर वेळी तुमच्या आई उचलतात आणि "झोपलीय" म्हणतात. एवढं कोणी झोपत नाही, पण असू दे. मीही फोनवर धड बोलत नाही.

घर उभं आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

मुकादमाने सोफ्याचा एक हात खाल्ला. कुंचा खाल्ला, नुसती मूठ ठेवली. वॉशिंग मशीनचा पाइप कुरतडला, मग स्वयंपाकघरात एवढं पाणी झालं की मी पायजमा वर करून चहा केला. दादाने या कुत्र्याचं नाव बरोबर ठेवलं होतं. एक माणूस इकडे, एक तिकडे, हे त्याला चालतच नाही. पोटरीला नाक लावतो, ढकलतो, नाही ऐकलं तर टाचेला दात. शेजारच्या शिंपीण काकू त्यांची मापाची टेप परत मागायला आल्या, तर त्यांना हाकत थेट ओट्यापाशी नेऊन उभं केलं. त्या ओरडतायत, "अरे मेल्या, मी काय मेंढी आहे?" आणि हा समोर बसून राखण करतोय. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. काकू हसल्या, मग माझ्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं.

मला वाटलं, याला दमवलं की निजेल. म्हणून सकाळी नदीकाठी पळवायचा, संध्याकाळी पुन्हा. माझ्या पायाला फोड आले आणि तो झाला पैलवान. आधी अर्ध्या तासाने दमायचा, आता घरी येऊन माझ्याकडे असं बघतो की हा झाला व्यायाम, आता काम काय? मी बोटीवर होतो तेव्हा आमच्या आचाऱ्याकडे एक पोपट होता, त्याला आम्ही शिव्या शिकवायचो, तो... जाऊ दे. ते कशाला आठवलं कोण जाणे. दादा गेल्यापासून असं होतं, बोलता बोलता भलतीकडेच निघून जातो. म्हणजे आधीपण व्हायचं.

तुम्ही जाताना म्हणालात, ज्या मेंढपाळाकडून दादाने पिल्लू आणलं त्यालाच परत देऊन टाका, मला त्याच्याकडे बघवत नाही. मी हो म्हणालो. वहिनी, मी खरंच देणार होतो. मेंढपाळाला निरोप दिला, रविवारी ये म्हणून. माझी पिशवीसुद्धा भरून दाराशी ठेवली होती. कुत्रा गेला की मला इथे काम काय? एका मित्राने कळवलं होतं, सफरचंदाच्या बागेत माणसं हवी आहेत.

आता ते लिहितो जे पहिल्या ओळीपासून टाळतोय.

त्याने घरभर नासधूस केली असं मी वर लिहिलं, पण सगळ्यात जास्त नासलंय ते बोळात. तुमच्या खोलीच्या दाराशी. चौकट खालून खाल्ली आहे. बाजूच्या भिंतीचा गिलावा नखांनी काढलाय, आतली वीट दिसते. तुम्ही कुलूप नव्हतं लावलं, नुसतं दार ओढून घेतलंत आणि म्हणालात, भाऊजी, हे उघडू नका. मी नाही उघडलं. उलट त्याने आत जाऊन काही फाडू नये म्हणून ट्रंक आडवी लावली. तर त्याने ट्रंकेचा पट्टा खाल्ला. मी वर्तमानपत्राची सुरळी घेऊन मागे लागायचो. मी जेवढं दार जपत होतो, तेवढा तो पेटत होता.

शनिवारी काकू आणि मी स्वयंपाकघरात चहा पीत होतो. त्यानेच हाकून बसवलं होतं. तो बोळात गेला, ट्रंकेखाली डोकं घालून दाराच्या फटीला नाक लावलं, परत आला, आमच्या दोघांकडे बघितलं, पुन्हा बोळात. पुन्हा आला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो खोडी करत नव्हता. त्याचा हिशोब जमत नव्हता. एक माणूस आत राहिलंय, मला आत जाऊ देत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. काकूंनाही कळलं असावं. कप खाली ठेवला आणि त्यांना एकदम शेगडीवरचं दूध आठवलं.

त्या गेल्यावर मी ट्रंक सरकवली. रागवा वाटलं तर.

आत तसंच आहे. दादाच्या बाजूची चादर अर्धी खाली, त्याला उचलून नेताना ओढली गेली ती. रेडिओवर चष्मा. पेल्यात पाणी नाही उरलं, होतं तिथे एक रेघ आहे. मुकादमाने खोलीला एक फेरी मारली, पलंगाखाली गेला, चपलांत नाक घातलं, शिंकला आणि बाहेर आला. स्वयंपाकघरातल्या पायपुसण्यावर पडला आणि झोपला. भर दुपारी, पाय ताणून, घोरत. आत कोणी नाही हे त्याला एकदा बघायचं होतं.

मी आतच राहिलो, जमिनीवर. वाटलं, आता रडू येईल, त्यासाठीच थांबलं असेल. नाही आलं. पंख्याकडे बघत बसलो. एका पात्यावर जास्त धूळ आहे. मी बसमध्येसुद्धा दोनदा जागा बदलतो, तुम्हाला माहीत आहे, पण खिडकीतला उजेड जाईपर्यंत तिथून हललो नाही. कशाला हात लावला नाही.

तेव्हापासून त्याने काही खाल्लं नाही. एक मोजा खाल्ला, पण तो माझा.

रविवारी मेंढपाळ जीप घेऊन आला. "कुठाय चोर?" म्हणाला. चोराने त्यालाही ओट्यापाशी नेलं. तो खूश. "बघ, न शिकवता हाकतो! याला घरात ठेवणं म्हणजे पाप आहे." दोर बांधला. मुकादम मजेत निघाला, उडी मारून जीपमध्ये बसला, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तेव्हा मी म्हणालो, "राहू दे."

"काय राहू दे?"

"तो."

"मालकीणबाई तर नको म्हणाल्या ना?"

"पुन्हा विचारतो त्यांना."

"आधी विचारायचं, मग बोलवायचं. पोरखेळ लावलाय." दोर सोडला. "पुढच्या रविवारी याच बाजूला आहे. एक काय ते सांग."

तर वहिनी, एक काय ते सांगायचंय. मेंढपाळाचं खोटं नाही, मेंढ्यांत तो सुखात राहील. मला त्याचा फार लळा लागलाय असंही नाही. मला सध्या कशाचंच फार काही वाटत नाही. पण तो गेला असता तर मी त्याच संध्याकाळी निघालो असतो, मला मी माहीत आहे. मग तुम्ही कधीतरी आला असतात आणि त्या खोलीत एकटीने गेला असतात. मी जाऊन आलोय, म्हणून सांगतो. एकटीने जाऊ नका.

कुत्र्याचं काय ते इथे येऊन ठरवा. फोनवर नको. द्या म्हणालात तर मी स्वतः जीपमध्ये बसवून देईन, आणि तरीही निघणार नाही. पिशवी रिकामी केली आहे. कपडे दादाच्या इस्त्रीने इस्त्री केले, एक शर्ट जळला.

तुम्ही येईपर्यंत, आणि आल्यावरही, इथेच असलेला
तुमचा
भाऊजी