हवेची तहान

बाबा, आज धरमपेठेतल्या सभागृहात एसीच्या नळीतून पाणी टपकलं आणि मी, पन्नाशीची बाई, चारचौघांत टाळ्या वाजवल्या.

आत्याला बघायला पाहुणे आले होते तो जुलैचा दिवस आठवतो? आठवीतली शहाणी मी. त्यांना गार वाटावं म्हणून कूलरचा पंप लावला. दहा मिनिटांत नवरदेवाचा शर्ट पाठीला चिकटला, चिवडा सादळला. तुम्ही शेजारच्या, प्रताप नगरातल्या आपल्या कूलर दुरुस्तीच्या दुकानातून धावत आलात. "हवेचं पोट भरलं हाये वं, तिले आखीन पाणी काहून पाजून राहिली? मे महिन्यात तहान असते तिले, तवा पाज!" लग्न तरीही जमलं. आत्याचे यजमान अजून सांगतात, घाबरून नव्हे, घामानं हो म्हटलं.

पुढे कॉलेजातून हवेतल्या उष्णतेचा आणि ओलाव्याचा तक्ता आणून मी तुम्हालाच शिकवायला बसले. एक उष्णता थर्मामीटरला कळते. दुसरी वाफेत दडलेली, त्याला कळतच नाही. तुम्ही तक्ता उलटसुलट करून म्हणालात, "हे तं हवेची पत्रिका झाली. यात तहान कुठं लिवली हाये?" तहान असा शब्द पुस्तकात नसतो, मी फणकाऱ्यानं म्हटलं.

आता या सभागृहात एसी बसवायचं काम माझं. एसीचा आकडा चोवीस, तरी लोक माना पुसताहेत. मालकांनी बजावलं होतं, आज जमलं नाही तर मशिनी काढून न्या. माझी माणसं आकडा आणखी खाली नेत होती. खोली गार झाली, पण ओलीच राहिली. मी बाहेर जाऊन नळीखाली हात धरला. कोरडी! म्हणजे हवा भरल्या पोटानंच फिरत होती. पंख्याचा वेग कमी केला, हवा थंड कॉइलवर जरा रेंगाळू लागली, आणि तिच्यातलं पाणी थेंब होऊन तळहातावर पडलं. मग धारच. मालकांनी रुमाल खिशात टाकला.

"मॅडम, हे कोणत्या पुस्तकात हाये जी?" माझ्या हाताखालच्या इंजिनियर मुलीनं विचारलं.

"प्रताप नगरात मिळायचं," मी म्हटलं, आणि हवेचं पोट कधी भरतं, तहान कधी लागते ते तिला सांगितलं; तुमचं नाव तेवढं राहिलं. तिनं वहीत 'हवेची तहान' लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं.

या पत्राला पत्ता नाही, म्हणून कबूल करते. मी ते नाव खोडायला लावलं नाही, बाबा. आडनाव तर तुमचंच आहे.