पाखरांसाठी बांधलेली सीडी

अप्पा, परवा मी तुम्हाला ज्वारीत शोधत होते. हसू नका, खरंच. माझ्या लग्नाच्या सीडीत तुमचा आवाज आहे, दुसरीकडं कुठंच नाही. ती मी उमरग्याला नेऊन मोबाईलवर चालंल अशी फाईल करून आणली. तिथं माझ्या ऑफिसात बसून केली, म्हणून लॅपटॉपचा आवाज बंद होता. चित्र नीट दिसलं, तेवढ्यावर खूश झाले. फाईल आईच्या मोबाईलमध्ये टाकली, सीडी तिच्या हातात दिली आणि ऐटीत म्हणाले, "आता हिची गरज न्हाय." आईनं माझा शब्द खाली पडू दिला नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं ती ढोकीच्या रानात, कणसांवर पाखरं बसू नयेत म्हणून, दोऱ्यानं बांधून टाकली.

मग जेवताना मी ती फाईल लावली. पाठवणी चाललीय, मामा फेटा सावरतायत, मी रडतेय, आणि सगळं मुकं. आवाज वाढवला, मोबाईल तळहातावर आपटला, कानाला लावला. काहीच न्हाय. आई म्हणाली, "मुका झाला का गं मोबाईल?" मी विचारलं, "सीडी कुठंय?" तिनं सांगितलं आणि मी जेवण अर्धवट टाकून उठले. लॅपटॉपवरची मूळ प्रत मी जागा पुरेना म्हणून पुसली होती. अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी लई रडले, पण अशी घाबरले नव्हते.

रानात गेले तर सीड्याच सीड्या. शेजाऱ्यांनीही बांधलेल्या, कुणाची बारशी, कुणाची लग्नं, सगळी वाऱ्यावर गरगर फिरतायत. पानं गालाला कापतायत, ऊन डोळ्यांत, आणि मी एकेक उलटी करून माझं नाव शोधतेय. मागनं आई ओरडतेय, "अगं, ज्वारीची ताटं मोडतील की!" सापडली तेव्हा तिच्यावर धूळ होती, एक ओरखडाही. ओढणीनं पुसत पुसतच घराकडं पळाले.

सीडी वाचताना लॅपटॉप घरघरला, अडला, पुन्हा घरघरला. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय बोलले ते विचारू नका. शेवटी फाईल उतरली, आणि तिच्यात आवाज होता! जुन्या पद्धतीचा होता, म्हणून पहिल्यांदा फाईल बदलताना गळून गेला होता. या खेपेला आवाजाचा ट्रॅक हातानं निवडला, मोबाईलला कळंल अशा पद्धतीत बदलायला लावला, आणि मूळ फाईल जपून ठेवली.

बँड वाजला. कॅमेरा माझ्या तोंडावर आहे, आणि बाजूनं कुणीतरी बारीक, चिरक्या आवाजात म्हणतंय, "रडू नको माय, मी हाय की." मी आईला म्हटलं, "मामांचा आवाज किती साफ आलाय बघ." तो आवाज ऐकताच आईनं डोक्यावर पदर घेतला होता. म्हणाली, "मामा कुठले? तुझे अप्पा हायेत ते."

अप्पा, मला तुमचा आवाज भारदस्त आठवतो. इतकी वर्षं कुठं खचले की तोच कानात येतो, "ऊठ माय." मग कानातला तो कुणाचा? मला लई भीती वाटते, हा ऐकत राहिले तर तो जाईल. ती फाईल मी आईच्या मोबाईलमध्ये अजून टाकलेली नाही. ती रोज म्हणते, लाव की गं ते. मी सांगते, आवाज पुन्हा गेलाय.