भावनाला घर, बिनशर्त

मी, बेबीनंदा कडूबा हिवाळे, वय अडुसष्ट, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार मस्तगड, जालना, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाचंही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसताना हे मृत्युपत्र लिहिते. यापूर्वी असं काही लिहिलेलं नाही.

१. राहतं घर माझ्या पगारातून बांधलेलं, स्वकष्टार्जित आहे. ते संपूर्ण माझी सून भावना हिला देत आहे. माझा मुलगा सुमित एमआयडीसीतून मोटारसायकलवर घरी येताना अपघातात गेला. तेव्हापासून तिनंच मला सांभाळलं. भांडतेही लेकीसारखीच.

२. माझे दीर राजानंद यांचं म्हणणं, "वहिनी, तिनं दुसरं लग्न केलं तर घर वापस, एवढं कलम बिलकुल टाका." ते मी टाकत नाही. नोकरीभर मी वर्गात 'डोनेट' शिकवलं. लॅटिनमधल्या 'भेट' या अर्थाच्या शब्दावरून ते आलं, आणि मुळापाशी आपल्या 'दान'चं भावंड आहे. दिलं ते दिलं, मागं हात राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत आधी 'डोनेशन' रुजलं, क्रियापद त्यातून मागाहून काढलं. आमच्याकडं तरी काय वेगळं? आधी नावाची पाटी रंगते, मग देणं सुचतं. भाऊजींनी विहाराला पंखा दिला, तिन्ही पात्यांवर नाव घालून. फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून भर मे महिन्यात वंदनेला पंखा बंद. भंतेजी घामानं भिजले, भाऊजी हलले नाहीत.

३. शिलाई मशीन नणंद सोनूबाईला. तसंही ते नेल्यापासून तिच्याच घरी आहे.

४. बँकेतल्या शिलकीतून भावनाच्या लग्नाचा खर्च करावा. उरेल ते विहाराच्या अभ्यासिकेला, नाव न घालता.

५. भावनाला चांगलं स्थळ आलं आहे. माणूस मला पसंत आहे. ती म्हणते, "आई, तुम्हाला टाकून मी कुठं जाऊन न्हाई राह्यले." मला याचं फार वाईट वाटतं. घर देऊन तिला त्यातच अडकवलं, तर भाऊजींचं कलम मीच न लिहिता टाकलं असं होईल. म्हणून तिनं माझ्या मरणाची वाट पाहू नये. हा कागद आजच वाचावा आणि लग्न मी असतानाच करावं. मला जेवायला यायचं आहे.

वरील मजकूर वाचून, दोघांसमक्ष सही केली.

बेबीनंदा कडूबा हिवाळे

साक्षीदार:
१. अक्षता खरात, शेजारीण
२. अंगद म्हस्के, निवृत्त मुख्याध्यापक, टेंभुर्णी

जालना, १२ फेब्रुवारी २०२५