तीन किलो शंभर ग्रॅमचा फरक

कारंजा (लाड)
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

मंजूताई,

नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही आणि मामाजी बरे असाल. खालच्या वावरातला हरभरा वर आला असेल आणि कापसाच्या दुसऱ्या वेचणीला बाया मिळत नसतील, असं धरून चालते.

हे पत्र घरी न पाठवता अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवत आहे. तुमचा फोन घरात कोणीही उचलतं. मुलं घरी गेल्यावर दार लावून वाचा. घाई करू नका.

वकिलांनी पाठवलेला शपथपत्राचा मसुदा मिळाला. ११ डिसेंबरची तारीख लक्षात आहे. २ एप्रिल २०१८ ला तुमचे यजमान, म्हणजे माझे भासरे, हार्वेस्टरवाल्या पंजाबी टोळीबरोबर दोन महिन्यांसाठी म्हणून गेले, त्यानंतर सात वर्षांत घरातल्या कोणालाही त्यांची खबर लागली नाही, असा तो मजकूर आहे. खाली सासू म्हणून आत्याबाई, दीर म्हणून हरीओम आणि जाऊ म्हणून मी, अशा तिघांच्या सह्यांच्या जागा आहेत. त्या झाल्या की कोर्ट त्यांना मृत धरेल, सातबाऱ्यावर त्यांच्या जागी तुमचं नाव लागेल, आणि मानोऱ्याच्या नवीनरावांना तुमचे भाऊ होकार कळवतील. नवीनराव दोन वर्षं थांबलेत हे मला माहीत आहे. पोहरादेवीच्या यात्रेत तुम्ही त्यांच्याशी बोलत उभ्या होतात तेव्हा मी पाहिलं होतं, आणि उगाच बांगड्यांच्या दुकानाकडे वळले होते. तुम्ही हसत होतात. धनजला, आपल्या सासरच्या घरात, मी तुम्हाला तसं हसताना पाहिलेलं नाही.

मसुद्याबद्दल शेवटी लिहिते.

प्रवासाबद्दल तुम्ही विचारलंत तेव्हा मी दोन वाक्यांत आटोपलं. थंडी होती, पाय दुखले. आता नीट सांगते.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी आम्ही दोघं शेगावच्या पलीकडे कुठे गेलो नव्हतो. पाठीवर बॅग टाकून हिमाचलात फिरायचं ही कल्पना हरीओमची. मला आश्चर्य वाटलं होतं, कारण तो नागपूरला जायचा तरी कंटाळा करतो. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "कामाले जानारे असे बिऱ्हाड घेऊन जातेत. हे पैसे खर्चून चालले." तुम्ही मला गोगलगाय म्हणालात. निघायच्या सकाळी मी दोन्ही बॅगा कापसाच्या ताणकाट्याला लावल्या. माझी आठ किलो चारशे. हरीओमची बारा किलो नऊशे. मी केलेल्या यादीप्रमाणे त्याची नऊ किलो आठशे भरायला हवी होती. विचारलं तर म्हणाला, बूट जड आहेत. बूट त्याच्या पायात होते. मी वहीत फरक लिहून ठेवला, तीन किलो शंभर, आणि एसटीची वेळ झाली म्हणून विषय सोडला.

दिवसभर जमीन मोजणीच्या टेबलामागे शेताशेतांतून पायपीट करणाऱ्या बाईला बॅग जड वाटू नये, पण दिल्लीत स्टेशनचा पूल ओलांडतानाच माझे खांदे सोलवटले. पट्टे कमरेवर आवळायचे असतात हे आम्हाला दुसऱ्या दिवशी पठाणकोटच्या स्टेशनवर एका मुलीने दाखवलं. तोवर सगळं वजन खांद्यावर होतं. मुक्कामाच्या ठिकाणी एका खोलीत आठ पलंग, एकावर एक. माझ्या वरच्या पलंगावर एक परका माणूस घोरत होता आणि मी ओढणी तोंडावर घेऊन पडले होते. हरीओम खाली उतरून माझ्या पलंगापाशी जमिनीवर बसून राहिला. तेव्हा मला तो आवडला होता. हे लिहायची गरज नाही, पण खरं आहे म्हणून लिहिते.

तिसऱ्या दिवसाचं मी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं.

पठाणकोटहून डोंगराकडे जाणाऱ्या बसने तासभर गेल्यावर आम्ही एका फाट्यावर उतरलो आणि सात किलोमीटर चाललो. नकाशात त्या बाजूला ना देऊळ, ना किल्ला, ना झरा. मी विचारलं, इथे काय आहे? हरीओम म्हणाला, आपल्या दुकानात येणारे एक ओळखीचे हार्वेस्टरवाले आहेत, जेवायला बोलावलंय. रस्ता चांगला होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची धसकटं, पुढे निळे डोंगर. आपल्या सपाट मुलखातून गेल्यावर ते डोंगर भिंतीसारखे वाटतात.

घराला लागून वेल्डिंगचं शेड होतं. माणूस चाळिशीच्या आतबाहेरचा, दाढी वाढलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. हिंदी बोलत होता, मध्ये मध्ये पंजाबी. त्याची बायको, दोन लहान मुली. मी हातपाय धुऊन येईपर्यंत हरीओमची बॅग रिकामी झालेली होती आणि कपडे चारपाईवर पडले होते. जेवायला रोट्या आणि वड्यांचा रस्सा.

मंजूताई, त्या मुगवड्या होत्या. त्यांच्याकडे वड्या उडदाच्या करतात, हे मला नंतर कळलं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतल्या, कारण चव ओळखीची होती आणि मी भुकेली होते. मग दाताखाली भरडलेलं जवस आलं. धनजमध्ये तुमच्याशिवाय मुगवड्यांत जवस कोणी घालत नाही. आत्याबाई दर उन्हाळ्यात त्यावरून तुमच्या माहेराचा उद्धार करतात.

मी भासऱ्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, फक्त तो फोटो. निघताना तुम्ही माझ्या हातात दिलात, त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येकाला सात वर्षं देता तसा. तो माझ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात, माझ्या हातापासून फूटभर अंतरावर होता. मी तो काढला नाही. समोरच्या माणसाचा उजवा हात पाहिला. कडबा कटरने गेलेलं करंगळीचं टोक तुम्ही मला सांगितलं होतं, ते तिथे नव्हतं.

मी आपल्या भाषेत विचारलं, सहज विचारावं तसं. "वड्या कोनं केल्या?"

ते मान खाली घालून जेवत होते. "मंजूच्याच असतीन," ते म्हणाले. "जवस तिच्याशिवाय कोन टाकते?"

मग त्यांचा हात ताटातच थांबला. त्यांच्या बायकोने हिंदीत विचारलं, काय म्हणाली ही? हरीओम पाणी पीत राहिला.

आता तुम्हाला कळलं. भासरे जिवंत आहेत. मी त्यांना शुक्रवारी ३१ ऑक्टोबरला दुपारी दीड ते चारच्या दरम्यान समक्ष पाहिलं आणि त्यांच्याशी बोलले. यात माझ्याकडून ओळखण्याची चूक झालेली नाही.

जेवण झाल्यावर ते शेडमध्ये माझ्याशी बोलले. पहिल्या वर्षी ते आजारी पडले, टोळीच्या मालकाच्या घरी राहिले, मालकाच्या बहिणीने त्यांचं केलं. तीच ही बायको. तिला तुम्ही माहीत नाही. पुढचं त्यांच्या शब्दांत लिहिते, मी ते त्याच संध्याकाळी वहीत उतरवलं होतं.

"एक वर्स गेलं, मंग दुसरं गेलं, मंग यायले तोंड नाही राह्यलं. बाई, तिले नका सांगू. मी मेलो असंच राहू द्या. आता कोर्टच मोकळं करून राह्यलं ना तिले."

मग त्यांनी विचारलं, "डाळ अजून पाट्यावरच वाटते का ती?"

मी म्हटलं, मिक्सर आहे, पण वड्यांसाठी पाटा. त्यांनी मान हलवली. एवढंच उत्तर मी त्यांना दिलं. दुसरं काही द्यायला हवं होतं असं मला आता वाटतं.

परत फाट्याकडे येताना हरीओमची बॅग त्याच्या पाठीवर उडत होती. वाटेत त्याने सांगितलं, भासऱ्यांचा पहिला फोन २०२१ मध्ये त्याला आला. त्याच दिवशी त्याने आत्याबाईंना सांगितलं. तेव्हापासून वर्षातून एकदा धनजमधून काही ना काही तिकडे जातं. आधी ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर, यंदा आमच्या पाठीवरून. वडिलांना, म्हणजे मामाजींना, माहीत नाही, असं तो म्हणतो. मी त्याची खात्री केलेली नाही.

डब्यातल्या वड्या कमी होतात म्हणून तुम्ही दोन उन्हाळे कोठीत उंदरांचा पिंजरा लावत होतात. पिंजऱ्यात अडकवायचा भाकरीचा तुकडा आत्याबाईच तुम्हाला देत होत्या. मी तिथेच उभी राहून पाहिलेलं आहे.

उरलेले दिवस आम्ही फिरलो. का, असं तुम्ही विचाराल. तिकिटं ५ तारखेची होती आणि दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. धर्मशाळेच्या वरच्या डोंगरावर चढलो, साधारण दोन हजार आठशे मीटर. मी पुढे, तो मागे. बसच्या वेळा आणि पाणी याखेरीज आम्ही बोललो नाही. वर पोचल्यावर समोर बर्फाचे डोंगर होते. आपल्या लोकांनी एकदा तरी पाहावेत असे आहेत. मी ते बघत असताना हरीओम म्हणाला, "तुही एक सही बाकी हाये. वयनीचं लगन होते, वावर होते, दादाच्या पोट्ट्या सुखानं राह्यतेत. खरं सांगून कोनाचं भलं होते ते तरी सांग."

त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. तो बरोबर होता, हीच माझी अडचण होती. फक्त तो ज्यांच्या आयुष्याचा होता त्यांना विचारून केलेला नव्हता.

आता माझं. ८ नोव्हेंबरला मी फोटो परत द्यायला आले. तुम्ही कापूस वेचून आला होतात, हात पदराला पुसून फोटो घेतलात आणि विचारलंत, "कोनी ओयखलं का व?" मी म्हटलं, कोणी ओळखलं नाही. मी तो फोटो कोणाला दाखवलाच नव्हता, त्यामुळे ते वाक्य शब्दशः खरं होतं. मोजणीला गेल्यावर शेतकरी मला चहा पाजून विचारतात, मॅडम, हद्दीचा धुरा जरा इकडे सरकवता येईल का. मी आजवर कोणाचा वीतभरही सरकवलेला नाही आणि त्याचा मला गर्व होता. त्या दिवशी तुमच्या ओट्यावर मी सरकवला. तुम्ही मला ताक दिलंत. ते मी प्यायले. त्यानंतर बावीस दिवस गप्प राहिले.

बावीस दिवसांत मी एका दुसऱ्या वकिलांना भेटले, अमरावतीला. नावं सांगितली नाहीत. ते जे म्हणाले ते असं. माणूस जिवंत आहे हे माहीत असताना मिळवलेला मृत्यूचा निकाल तो माणूस समोर आला की टिकत नाही, आणि मग तुमचं दुसरं लग्नही अडचणीत येतं. सोडून गेल्याबद्दल आणि दुसरं लग्न केल्याबद्दल तुम्ही त्यांच्यापासून फारकत मागू शकता. त्याला वेळ लागेल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यात तुम्हाला पोटगी मागता येईल, पण जमिनीत विधवेचा मिळतो तसा हिस्सा मिळणार नाही. नवीनराव आणखी थांबतील की नाही हे वकील सांगू शकत नाहीत, मीही नाही.

म्हणजे या पत्राने तुमचं नुकसान होतं. मला ते माहीत आहे. हे पत्र चुलीत घालून ११ तारखेला तुम्ही कोर्टात उभ्या राहिलात तर मी तुम्हाला अडवायला येणार नाही. मला बोलावून विचारलं तर मात्र मी पाहिलं तेच सांगेन. बोलावू नका, असं म्हणण्याचाही तुम्हाला हक्क आहे. भासऱ्यांनी, आत्याबाईंनी, हरीओमने आणि बावीस दिवस मीसुद्धा तुमच्यासाठी ठरवलं. यापुढचं तुम्ही ठरवा, माहीत असून.

हरीओम मागच्या शनिवारपासून दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. हे पत्र लिहिते आहे हे मी त्याला सांगितलं आहे. तो म्हणाला, आईला काय तोंड दाखवू. तुम्हाला काय तोंड दाखवायचं, हे त्याला सुचलं नाही. आमचं पुढे काय होईल ते मला आज लिहिता येत नाही.

सोबत तीन गोष्टी आहेत. घडी घातलेल्या वेगळ्या कागदावर त्या गावाचं नाव आणि फाट्यापासूनचा रस्ता आहे. नको असेल तर उघडू नका. कागदाच्या पुडीत एक वडी आहे. निघताना त्यांच्या ओट्यावरच्या बरणीतून मी ती उचलली, कोणाला न विचारता. तुम्ही ती कोणापेक्षाही लवकर ओळखाल, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायला नको. तिसरा तो मसुदा. माझ्या नावापुढची जागा कोरी आहे आणि ती कोरीच राहील.

माझी सही या पत्राखाली करते.

तुम्ही ठेवलीत तर तुमची जाऊ,

वैभवी हरीओम गावंडे