दुकानाच्या दोन फळ्या

प्रिय स्नेहा,

खुब्याच्या ऑपरेशननंतर तू काठी घेऊन चालू लागलीस, बरं झालं. आता बस आणि हे वाच. फोनवर मला हे सांगवणार नाही.

आपली वाशिमची बाजारलाईन तू ओळखणार नाहीस. अत्तरवाल्याच्या जागी पिझ्झा आलाय, लिलाबाईच्या बांगड्यांच्या जागी एटीएम. तुमच्या कापडदुकानात मोबाईल विकतात. शेलूबाजारहून जीप भरून बायका लग्नाचा बस्ता बांधायला यायच्या, तुझा दादा पंजाबराव पांढऱ्या गादीवर थानामागून थान उलगडायचा आणि नवरीला एक खण वरून द्यायचा. त्याच जागी आता दिवसभर गाणी ठणाणतात. याला म्हणे विकास म्हणतात. म्हणोत.

आठवतं ना, बाजारातून मयत निघाली की दुकानदार दाराच्या दोन फळ्या लावून, दुकान अर्धं बंद करून उभे राहायचे? पण ते वरच्या आळीतल्यांसाठी. माझे बाबा गेले तेव्हा आपण नववीत होतो. आमच्या बौद्धवाड्यातून निघालेल्या तिरडीसाठी एक फळी हलली नाही. मग तुझा दादा उठला. तुमचे वडील गादीवरून ओरडले, “पंजाब, त्याईच्या मयतीले फळ्या कायले लावतं?” त्याने फळ्या लावल्या आणि हात जोडून उभा राहिला. पुढे वर्षा-दोन वर्षांत अख्खी लाईन सगळ्यांसाठीच फळ्या लावू लागली. तू त्याला दादा म्हणायचीस. मी कधीच म्हटलं नाही. तुझ्या लक्षात आलं असेल; पुढे कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलवर माझी त्याला लिहिलेली पत्रं उघडून वाचणाऱ्या सिस्टरच्या तर आलंच होतं.

मंगळवारी तू फोनवर विचारलंस, दादाच्या मयतीला बाजार बंद होता ना? मी म्हणाले, अख्खी लाईन. खोटं बोलले, स्नेहा. एकही शटर हललं नाही, गाणी चालूच. तिरडी तुमच्या जुन्या दुकानासमोर आली तेव्हा मी छत्रीच्या मुठीने शटर खाली ओढलं. मॅनेजर धावला, “मॅडम, काय करून राह्यल्या? कंपनी मले काढून टाकीन!” मी म्हटलं, टाकू दे, ज्याच्या दुकानात उभा आहेस तो चालला आहे. मग त्याने गाणं बंद केलं. शटर सारखं वर पळत होतं. तिरडी वळणाआड जाईपर्यंत मी ते दोन्ही हातांनी धरून लटकले. अर्धंच उतरलं. खांदा अजून दुखतो आहे, आणि औषध लावायचं मनात नाही.

तुझीच,
रीता