हापशापर्यंतचे शेरे

प्रिय भागी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. इथं कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. तुझा मोबाईल नंबर माझ्याकडे नाही. विद्यापीठाच्या पानावर तुझा जो ईमेल साऱ्या जगाला दिसतो, त्यावर हे लिहावंसं वाटेना. म्हणून काष्टीला तुझ्या भागवतदादाच्या पत्त्यावर टाकतेय. दादा पाकीट न फोडता पुढे धाडतील, एवढा त्यांचा भरवसा मला अजून आहे. मी कॉलेजात बसलेय, भूगोलाच्या खोलीत. परीक्षा संपल्या, पोरं आपापल्या गावी गेली. शिपाई दोनदा डोकावून गेला, मॅडम, कुलूप लावू का म्हणून. लाव म्हणायचं आणि उठायचं, तर तेही होत नाही. चार ओळी लिहिते, खिडकीशी जाऊन शेवगावचा रस्ता बघते, परत येऊन बसते. हल्ली माझं हे असंच चाललंय. फोडणी टाकते आणि भाजी चिरायची राहिलीय हे तेव्हा आठवतं. एका जागी बूड म्हणून टेकत नाही बघ.

तर बातमी अशी की मी शोधनिबंध लिहिला. हसू नकोस. तुझे ढिगानं झाले असतील, माझा हा धड म्हणावा असा पहिलाच. विषय आपल्या एम.ए.च्या प्रकल्पातलाच, आमच्या गावच्या पायवाटा. गावनकाशात गट नंबर आहेत, शीव आहे, ओढा आहे. आमच्या वस्तीवरच्या बायका ज्या वाटांनी पाण्याला, सरपणाला, खुरपायला गेल्या, त्यांतली एकही वाट त्यात नाही. त्या मी गेल्या उन्हाळ्यात पुन्हा चालले आणि नव्यानं काढल्या. पाठवल्या कुठं, तर नकाशाशास्त्राच्या त्याच नियतकालिकाकडे, ज्याचे अंक नगरच्या ग्रंथालयात आपण हात धुऊन उघडायचो. एवढा अट्टहास कशासाठी, तर आमच्याकडे कायमची एक जागा निघालीय. इतकी वर्षं मी इथं तासिका तत्त्वावर शिकवतेय. उन्हाळ्यात आम्हाला कुणी ओळखत नाही, जून आला की नव्यानं अर्ज करायचा आणि नव्यानं हसून दाखवायचं. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. निबंध स्वीकारल्याचं पत्र हातात असेल तरच तुमचं नाव पुढं जाईल मॅडम, असं प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं. माझं वय बघता अशी जागा पुन्हा माझ्या वाट्याला येईल असं मला वाटत नाही.

आणि निबंध पाठवणं म्हणजे काय ताप आहे गं बाई! पहिल्यांदा परत आला, कारण नकाशाखाली मोजपट्टी नव्हती. दुसऱ्यांदा परत आला, कारण वरचं नाव पुसलं तरी फाइलच्या पोटात कुठंतरी यशोधरा राहिली होती. आईला हे काही केल्या कळेना. मी तिला समजावलं, की आपण आपलं नाव काढून पाठवायचं, संपादक तो दोन जाणकारांना देणार, आपण कोण हे त्यांना कळू द्यायचं नाही आणि ते कोण हे आपल्याला विचारायचं नाही. त्यावर आई म्हणते, "म्हंजी पोरगी बघायला आल्यावानी झालं की. पन दोघांनी बी तोंड झाकून!" ती हसली आणि मीही हसले. पण नंतर रोज सकाळी दात घासायच्या आधी मोबाईलवर बघायचं, निबंध कुठवर आलाय. रोज तेच एक वाक्य, परीक्षकांकडे आहे. सुट्टीला गावी गेले तरी तेच, आईला वाटायचं मी कुणाच्या तरी निरोपाची वाट बघतेय. तसं तिचं चुकत नव्हतं म्हणा.

वाल्मिक सर आठवतात तुला? विचारतेय काय मी, तुला नाही तर कुणाला आठवणार! नकाशा काढताना घरापासून निघा आणि तपासताना शिवेपासून घराकडे या, हा त्यांचा कायदा. काढणारा घरापाशी ताजा असतो, तिथलं सगळं त्याला पाठ असतं. शिवेपर्यंत पोचता पोचता त्याचे पाय दुखतात आणि तो अंदाजानं रेघ ओढतो. म्हणून चुका शोधायच्या तर शेवटाकडून सुरुवातीकडे चालत यायचं. वर्ग खो खो हसला होता. आपण दोघीच वेड्यासारख्या चाललो. तुझ्या काष्टीच्या घरी सांगितलं होतंस नगरला मैत्रिणीकडे राहतेय, आणि राहत होतीस आमच्या वस्तीवर, आमच्या दोन खणांत. आईच्या हातची बाजरीची भाकरी तुला थापता यायची नाही, तुझी भाकरी कायम एका बाजूला फुगायची. संध्याकाळी ओसरीवर बसून तू आईच्या गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळायचीस आणि आण्णा म्हणायचे, ही आमची थोरली. मला राग यायचा. मी थोरली होते ना.

मग ती संशोधनाची एक जागा निघाली. दोघींनी अर्ज केले आणि तुझी निवड झाली. एक सांगते, खरं सांगते, त्याचं मला वाईट वाटलं ते फार तर आठवडाभर. तुझी इंग्रजी चांगली, तुझी आकडेमोड चांगली. मी स्टँडवर तुला सोडायला आले तेव्हा तूच माझ्याकडे बघेनास. त्यानंतर तुझे फोन आधी कमी झाले, मग थांबले. आण्णा गेले तेव्हा मी तुला निरोप पाठवला होता. तो पोचला हेही मला ठाऊक आहे, कारण भागवतदादा स्वतः आले, शेवटच्या रांगेत उभे राहिले आणि तुझं नाव न काढता गेले. आई जलदानविधीच्या दिवशीसुद्धा रस्त्याकडे बघत होती. मला तुझा भयंकर राग आला भागी. अजूनही आहे. तुला बहुतेक वाटत असणार की जागा तुला मिळाली म्हणून मी चिडले. अगं, जागेचं काय घेऊन बसलीस! तू आली नाहीस म्हणून मी चिडले.

असो. तर दोन्ही परीक्षकांचे शेरे आले. पहिल्याचं म्हणणं, जिल्ह्याचं नाव निबंधात एक आणि नकाशात दुसरं कसं? बरोबर आहे त्याचं. निबंधात मी अहिल्यानगर लिहिलं आणि नकाशात हातानं सवयीचं नगरच उमटवलं. बाकी त्याची तक्रार नाही. दुसऱ्या परीक्षकानं शेवटी लिहिलं होतं, किरकोळ दुरुस्त्या करून छापावा. ते वाचून मी विभागातच एक गिरकी घेतली, नशीब की शिपाई चहाला गेला होता. मग खाली बसून शेरे वाचायला लागले आणि माझं काहीतरी बिनसलं. सगळे परीक्षक पहिल्या पानापासून बोलतात. याचा पहिला शेरा शेवटच्या पानावरचा होता, शिवेवरच्या दगडाबद्दल. दुसरा ओढ्याकाठच्या कडुलिंबाबद्दल, जिथं बायका डोक्यावरचे भारे उतरवून टेकायच्या. हे झाड आता नाही, नुसता बुंधा आहे, खूण काढून टाकावी. तिसरा, बांधाकडेची वाट नांगरटीत गेलीय आणि लोक आता वळसा घालून जातात. शेवटचा शेरा, हापसा वाटेच्या चुकीच्या बाजूला दाखवलाय. त्याच्यापुढं काही नाही. हापशाच्या पुढं विहार, मग आमचं दार, जिथून माझ्या सगळ्या वाटा निघतात. त्यावर एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गावी गेले. लिंब खरंच तोडलेला. पाणंद रुंद करताना तोडला म्हणे, बुंध्यावरचा डिंक अजून ओला होता. उपग्रहाच्या चित्रात तो लिंब अजून डौलात उभा आहे, मी परत परत बघितलं. मग हापशाकडे गेले. जन्मभर जिथं हंडे भरले, भांडले, पडून गुडघा फोडून घेतला, तो हापसा मी चुकीच्या हाताला काढला होता! कारण तेवढा तुकडा मी चाललेच नव्हते. आपल्या घराजवळचं काय तपासायचं, म्हणून ओसरीवर बसून काढला. वाल्मिक सरांनी कान उपटला असता.

आईला सहज विचारलं, इकडं कुणी आलं होतं का? ती म्हणाली, "आल्ती की एक मोजनीवाली बाई. डोक्यावर टोपी, डोळ्यावर काळा चष्मा. वड्याकडनं चालत आली, एकटीच. मला हंडा भरून दिला, वंजळीनं पानी पेली आन् म्हनली, गुडघं कसं हायेत? आता मोजनीवालीला माझं गुडघं कुनी सांगितलं म्हनावं!" आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुसऱ्यातला काढून फार दिवस झालेले नाहीत. मी विचारलं, मग? "चहा घेऊन जा म्हनलं तर न्हाई म्हनली, गाडी उभी हाय म्हनली. पन गेली न्हाई लवकर. लई वेळ उभी हुती, आपल्या दाराकडं बघत." एवढं सांगून आई धुण्याकडे वळली. मी तिथंच हापशाच्या ओट्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. आईला वाटलं निबंध नापास झाला.

गाढवे, तू एवढ्या लांबून आलीस, शिवेपासून आमची सगळी वाट चाललीस, माझ्या आईला हंडा भरून दिलास आणि दार न वाजवता गेलीस? परीक्षकानं लेखकाला भेटायचं नसतं, हे मलाही कळतं. नियम आहे, मान्य. पण भागी, हा नियम तर आत्ता लागू झाला. त्याआधीची सगळी वर्षं कोणत्या नियमात बसत होती? नियम म्हणून तू मागं फिरलीस की माझ्या भीतीनं, हे मला काही केल्या कळेना. झोपेत, जेवताना, पेपर तपासताना माझं तेच चाललेलं. दुरुस्त्या करून निबंध परत पाठवायचा, एवढंच काम उरलं होतं. ते केलं असतं तर आठवड्यात पत्र आलं असतं आणि मी मुलाखतीला छाती पुढं काढून गेले असते. त्यासाठी मला फक्त एवढंच करायचं होतं, की तू कोण हे मला ठाऊक नाही असं म्हणायचं. आणि मग छापून येईपर्यंत तुला एक ओळही लिहायची नाही. आणि छापून आल्यावर तरी मला कसं कळणार होतं, की तुला निबंध आवडला की तू मला काहीतरी फेडत होतीस?

म्हणून परवा मी संपादकांना लिहिलं. दुसऱ्या परीक्षकाला मी ओळखते, माझी जुनी मैत्रीण आहे, तिनं काही वावगं केलेलं नाही, पण निबंध कृपा करून दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. काल त्यांचं उत्तर आलं, फार सभ्य. नवा परीक्षक शोधतील, वेळ लागेल. म्हणजे मुलाखतीआधी पत्र येत नाही, जागा गेली आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज. प्राचार्य म्हणाले, मॅडम, तुम्ही ठीक आहात ना? मला मूर्ख म्हणायचं तर तूही म्हण, मी कालपासून स्वतःला तेच म्हणतेय, आणि मधेच हसूही येतंय. आईला फोनवर खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून तिची ओसरी दोनदा सारवून झाली. सोबत दुरुस्त केलेला नकाशा ठेवलाय. लिंब पुसलाय, हापसा आपल्या जागी आणलाय. हापशापासून आमच्या दारापर्यंतची वाट मात्र मी मुद्दाम तशीच ठेवलीय, ती कुणी तपासलेली नाही. सरांच्या कायद्यानं चालत ये आणि या वेळी मधे थांबू नकोस. आता तू माझी परीक्षक नाहीस भागी. चहाला नाही म्हणायला तुझ्याकडे कारण उरलेलं नाही.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
यशो